फ्रिजवरची निळी चिठ्ठी

मी दृश्य शैलीचा विद्यार्थी आहे, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी स्वतःला नुसता ढ समजत होतो.

झालं असं. आमच्याकडे राहणाऱ्या भाच्यानं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स पूर्ण केला आणि जर्मन शिकायला घेतली. नागपूरजवळच्या आमच्या कन्हानात आता याचं कोणाला नवल वाटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल पोरं-पोरी तिकडे धाडायचं ठरलं, आणि तारसा रोडवर ज्या पोट्ट्यांना कालपर्यंत ‘ए वायरमन’ म्हणून हाक मारायचे, ते एका रात्रीत ‘फाखक्राफ्ट’ झाले. म्हणजे वायरमनच, पण युरोपातला. भाच्यानं नागपुरात एक खाजगी क्लास शोधला. त्याला सोबत म्हणून मीही नाव टाकलं. खरं कारण वेगळं होतं. दोघांनी मिळून नाव टाकलं की फीमध्ये सूट होती.

पहिल्याच दिवशी जर्मनऐवजी फॉर्म हातात आला. माझं झेरॉक्सचं दुकान. दुसऱ्यांचे फॉर्म भरून देण्यात हयात गेली, पण असला फॉर्म पाहिला नव्हता. वर लिहिलेलं, ‘तुमची शिकण्याची शैली ओळखा’. खाली प्रश्न : नवीन मिक्सर घरी आणल्यावर तुम्ही काय कराल? माहितीपुस्तिका वाचाल, चित्रं पाहाल, कोणाला तरी विचाराल, की थेट चालू करून बघाल? आता आमच्या घरी नवीन मिक्सर आला की आधी त्याला हळद-कुंकू लागतं, मग शेजारीण येऊन बघून जाते, आणि पुढचे सहा महिने तो खोक्यातच राहतो, कारण जुना अजून चालतो. हा पर्याय दिलेलाच नव्हता. मी चित्रांवर टिक केली. असे वीस मिक्सर झाल्यावर निकाल लागला : दृश्य शैली. भाच्याचा निकाल : कृती शैली. समोरच्या बाकावरची एक नर्स श्राव्य निघाली आणि दिवसभर त्याच आनंदात होती.

मला तर हलकंच वाटलं. गेली चाळीस वर्षं इंग्रजी येत नाही म्हणून जी मान खाली होती, ती वर आली. माझी चूक नव्हतीच. गुरुजींनी छडीची शैली वापरली, आणि मी होतो दृश्य. (छडी तशी दिसायची. पण ते जाऊ द्या.)

दृश्य शैलीवाल्यांनी रंग वापरावेत, असा सल्ला मिळाला. जर्मन नामांना तीन लिंगं : डेर, डी, डास. मी तीन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या आणल्या. पुल्लिंग निळं, स्त्रीलिंग लाल, नपुंसक हिरवं. एका रविवारी घरभर डकवल्या. फ्रिजवर निळी, डेर क्यूलश्रांक. दारावर लाल, डी ट्यूर. खिडकीवर हिरवी, डास फेन्स्टर. सगळं रोमन अक्षरांत, ऐटीत. आई देवघरातून बाहेर आली, फ्रिजसमोर थांबली.

“फ्रिजले बुखार आला का बाबू? पट्टी काऊन लावली?”

आईचं वय एक्याऐंशी, शिक्षण मराठी दुसरी. तिला मी समजावलं, की हे शिक्षणशास्त्र आहे. ती “बरं बापा” म्हणाली, चिठ्ठी अलगद काढली, खालचा तेलकट डाग पुसला आणि चिठ्ठी पुन्हा होती तिथंच लावली. हे तिनं रोज करायचं ठरवलंय, हे मला तेव्हा कळलं नाही. ती चिठ्ठी काढायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या भाच्याला विचारायची, “हे काय लिवलं बे?”

मी मात्र चिठ्ठ्यांकडे बघायचो. महिनाभर मनापासून बघितलं. क्लासमध्ये मॅडमनी विचारलं, फ्रिजला काय म्हणतात? मला रंग आठवला. निळा.

मग मला शंका आली की मी मुळात श्राव्य असणार, फॉर्म भरताना घाई झाली. इअरफोन घेतले. संध्याकाळी क्लास सुटला की इतवारीहून रामटेकची गाडी, कानात जर्मन संवाद. ‘गूटन ताग, फ्राऊ म्युलर.’ फ्राऊ म्युलर फार संथ आणि समजूतदार बाई आहे. तिच्या आवाजात मला जी झोप लागायची, तशी पाळण्यात लागली असेल तर असेल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि बाहेर पाटी होती रामटेक. कन्हानहून मुख्य रूळ हावड्याकडे जातो आणि एक फाटा रामटेकला जाऊन संपतो. त्यामुळे कन्हानला उतरायचं राहिलं, तर माणूस थेट कालिदासाच्या पदरात. त्याच्या यक्षाला निरोप धाडायला ढग तरी मिळाला. मला घरी निरोप द्यायला मोबाईल काढावा लागला, आणि त्यावर अजून फ्राऊ म्युलर दुकानात सफरचंदांचा भाव विचारत होती.

कृती शैलीबद्दल फार सांगत नाही. दार उघडताना ‘इश ओएफ्न डी ट्यूर’ म्हणायचं, पाणी पिताना तसंच काही. आठवडाभरात शेजारच्यांनी सौ.ला हळूच विचारलं, की भाऊजींची तब्येत बरी आहे ना.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि दृश्य शैलीच्या विद्यार्थ्याला ती दिसली नाही.

कन्हान म्हणजे काय चीज आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवं. नदी ओलांडली की कामठी. तिथली छावणी १८२१ सालची, आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या मद्रासी फौजेचे शिपाई राहिलेले. नदीच्या अलीकडे कोळशाच्या खाणी, त्यांच्यावर पोट भरायला आलेली छत्तीसगडची, उत्तर प्रदेशची, बिहारची, आंध्राची माणसं. वर मनसर-कांद्रीच्या बाजूला मँगनीज. कामठीची उर्दू वेगळी. त्यामुळे इथल्या चौकात अर्धा तास उभं राहिलं, तर चार-पाच भाषा कानावरून जातात. आमची मराठीसुद्धा यातच घडली. ‘मी जेवून राहिलो’ असं आम्ही म्हणतो, कारण शेजारचा ‘खा रहा हूँ’ म्हणतो. पुण्याला याचं हसू येतं. येऊ दे. दोन भाषांनी एकमेकींच्या घरी जेवल्याची ही खूण आहे, आणि आम्ही ती पुसून नाही राहिलो.

तर आठवडी बाजारात एक भाजीवाली मावशी बसते. माझ्याशी आमच्या मराठीत, पुढच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत, त्याच्या मागच्या बाईशी छत्तीसगडीत. परवा एका म्हाताऱ्या खाणकामगाराशी ती तेलुगूत भांडली. बोलली नाही, भांडली. भांडण ही भाषेची शेवटची परीक्षा असते. जर्मनवाल्यांच्या पायऱ्या ए-एकपासून सी-दोनपर्यंत. भाव पाडताना समोरच्याच्या बापाचा उद्धार करता येणं, तेही व्याकरण न चुकता, हे माझ्या मते सी-दोन.

“मावशी, तेलुगू कुठं शिकल्या?”

“शिकली कुठं? त्याईच्यावर उधारी होती ना. आपल्या बोलीत मांगतली तं समजत नाई म्हणे. मंग म्या त्याईच्याच बोलीत मांगतली.”

“किती दिवस लागले?”

“सतराशे रुपये होते. दोन महिन्यात आले.”

मी विचारलं शिकायला किती दिवस लागले, तिनं सांगितलं वसूल व्हायला किती लागले. तिच्या लेखी हे दोन प्रश्न नव्हतेच. मी तिला शैलीचा फॉर्म द्यावा म्हणून खिशात हात घातला होता. तिनं त्यात कोथिंबीर गुंडाळून दिली असती, म्हणून तसाच ठेवला.

घरी येऊन या शैलीशास्त्राची कुंडली काढली. दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती ही चौकट न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये मांडली. माणूस शहाणा असावा. १९९२ मध्ये कॉलीन मिल्स यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी आपली प्रश्नावली विद्यार्थ्यानं स्वतःकडे जरा बघावं म्हणून पुढं केली होती. पुढे क्लासवाल्यांनी तिची रास केली. आता ‘मी वृश्चिक’ म्हणावं तसं पोरं ‘मी व्हिज्युअल’ म्हणतात, आणि भविष्य ठरलेलंच : या आठवड्यात रंगीत पेन खरेदीचा योग, व्याकरणापासून जपा.

मग २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि तिघा मानसशास्त्रज्ञांनी हे सगळं वाङ्मय धुंडाळलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. ‘दृश्य’ पोराला चित्रांनी आणि ‘श्राव्य’ पोराला आवाजानं शिकवलं, तर दोघांचा निकाल खरंच सुधारतो का? तसं दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. लोकांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनी नाकारलं नाही. मला भजी आवडतात म्हणून डॉक्टरनं भजी लिहून द्यावीत असं नाही, एवढाच मुद्दा. तरी मी आवडीच्या बाजूनं एक शब्द टाकतो. आवडीमुळे माणूस खुर्चीवर टिकतो. मी फ्राऊ म्युलरपाशी रामटेकपर्यंत टिकलो. फक्त झोपेत.

मानसशास्त्राच्याच जगातून त्याआधी, २००६ मध्ये, एक प्रयोग आला होता, रोडिगर आणि कार्पिक यांचा. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून मग तो न बघता आठवून काढणाऱ्यांच्या डोक्यात तो आठवडाभरानं जास्त शिल्लक राहिला. गंमत अशी, की वाचणाऱ्यांनाच वाटत होतं आपल्याला छान लक्षात राहील. मी चिठ्ठ्यांकडे बघत होतो तेव्हा मलाही असंच छान वाटत होतं.

भाच्याला यातलं काही माहीत नाही. तो आणि त्याचे तीन दोस्त स्टेशनबाहेर टपरीवर उभे राहतात. एकानं नाम म्हणायचं, दुसऱ्यानं डेर-डी-डास सांगायचं. चुकला त्यानं समोसा द्यायचा. चमचा? डेर. काटा? डी. सुरी? डास. एकाच ताटाशेजारी मांडलेली तीन भांडी, तीन लिंगांची. कोणाच्या डोक्यातून हे निघालं असेल ते असो, पण पोट्ट्यांना त्याचं काही वाटत नाही. मार्क ट्वेननं १८८० मध्ये जर्मनची यथेच्छ टिंगल केली, मुलीला नपुंसकलिंगी ठरवणारी ही कसली भाषा म्हणून. त्यात टिंगल करण्यासारखं मराठी माणसाला काय सापडणार? आमच्याकडेही ‘ते पोरगं’ असतं, ‘तो पोरगा’ असतो, आणि दोघं एकच असतात. तीन लिंगं आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो. इंग्रजाला जिथं घाम फुटतो, तिथं आमचं पोट्टं समोसा जिंकून येतं.

आकड्यांचं तर विचारूच नका. जर्मनमध्ये सत्तावन्न म्हणताना आधी सात, मग पन्नास : ‘झीबन-उंट-फ्युन्फत्सिश’. अख्ख्या क्लासला पटवता पटवता मॅडमचा घसा बसला, कारण क्लास इंग्रजीतून विचार करत होता. भाचा मागून म्हणाला, “मॅडम, सत्ता-वन्न. सात आधीच तं आहे.” वर्ग गप्प. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘पन्नास सात’ असं वाचायचा पर्याय आणला, तेव्हा महाराष्ट्र केवढा पेटला होता, आठवतं? गणिताच्या पुस्तकाची जबाबदारी असलेल्या मंगला नारळीकर बिचाऱ्या समजावून थकल्या. तेव्हा मी त्यांच्या बाजूनं होतो, पोरांना सोपं जाईल म्हणून. आता पंचाईत झाली. मराठी पोरांना गणित सोपं करायला जावं, तर जर्मन अवघड होणार. त्यातल्या त्यात बरं, की जर्मनला ‘एकोणसाठ’ माहीत नाही. साठाला एक कमी, असा उलटा हिशोब आमच्याच आज्यांना सुचावा.

वाक्यही तसंच. जर्मनमध्ये ‘कारण’ आलं की क्रियापद उचलून शेवटी टाकतात. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना ते डोंगर वाटतं. आमच्या टपरीवरचा दोस्त म्हणाला, “मामा, याच्यात काय आहे? ‘कारण मी घरी जातो.’ जातो शेवटीच आहे ना बे.” हे सगळं माझ्याही डोक्यात होतं. मी फक्त ते विकत आणलेल्या रंगांत शोधत होतो.

आमच्या भागात भाषा शिकायला आलेली माणसंही थोडी नाहीत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात उतरला तो स्कॉटलंडचा पाद्री. मराठी शिकला आणि तिथंच न थांबता गोंडांमध्ये जाऊन त्यांची गाणी उतरवून घेतली. १८६३ मध्ये नाल्याच्या पुरात वाहून गेला. त्याचे कागद तीन वर्षांनी रिचर्ड टेंपलनं छापले. तो दृश्य होता की श्राव्य, याची नोंद त्या कागदांत नाही. साठच्या दशकात जपानहून आलेले भंते सुरेई ससाई नागपुरातल्या इंदोऱ्याच्या बुद्धविहारात राहिले, इथलेच झाले. दीक्षाभूमीवर लाखोंच्या पुढं ते हिंदीत बोलले आहेत, आणि त्यांच्या हिंदीला जपानचा वास आहे. ऐकणाऱ्यांनी त्या वासाचे मार्क कापल्याचं मी कुठं पाहिलं नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीनं १९९९ मध्ये उभं राहिलं. तिथं येणाऱ्या जपानी पाहुण्यांना ऐकत मी एकदा अर्धा तास उभा होतो. दर वाक्याच्या शेपटीला ‘ने’. अगदी आपला ‘ना’. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागं. क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या क्लासला पैसे भरले.

आणि इथून दोन-अडीच तासांवर पवनारला विनोबा. बेचाळीसच्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात टाकलं. तिथं ते तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम शिकले. तुरुंग ही शैली फॉर्ममध्ये नव्हती. असती तर सौ.नं माझ्यासाठी तिथंच टिक केली असती.

थोडक्यात मी क्लास सोडला. लाज वाटते म्हणून. लाज वाटत नसती, तर बरं झालं असतं. आमचा भाचा चुकतो, हसतो, समोसा देतो आणि पुन्हा चुकतो. मावशी तेलुगूत चुकली असेल तेव्हा समोरचा हसला असेल, आणि हसता हसता त्यानं पैसे काढले असतील. मी मात्र चुकू नये म्हणून तोंडच उघडत नव्हतो, आणि त्या गप्प बसण्याला ‘माझी शैली अजून सापडली नाही’ असं नाव दिलं होतं. मोबाईल अजून अधूनमधून विचारतो : तुम्ही सकाळचे शिकणारे की रात्रीचे? परवा मी भरला तो फॉर्म. सवय आहे. मी रात्रीचा निघालो.

भाच्याची पहिली परीक्षा पुढल्या महिन्यात आहे. टपरीवर तो आता दिवसाकाठी एकच समोसा हरतो. टपरीवाल्यानं तक्रार केली, की पोट्टे हुशार होऊन राहिले, धंदा बसून राहिला.

काल संध्याकाळी मी घरभरच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या. कडा वाकल्या होत्या, पण मागचा चिकटपणा चांगला होता. रोज निघून रोज लागलेल्या चिठ्ठीचा टिकेल तितका. फ्रिजवरची निळी काढत होतो, तर ओट्यापासून आई म्हणाली,

“ते राहू दे. अन् ते डी ट्यूर लावून घे बाबू, मच्छर येऊन राहिले.”